पायरीवरचं दळण

आप्पांनी डबा पायानं ढकलला. हातानं नाही, पायानं. दोन्ही हात मोकळे होते त्यांचे.

पत्र्याचा डबा पायऱ्यांवरून गडगडत गेला आणि आमची ज्वारी रस्त्यावर पसरली. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. बाहेर कुत्रं डबा हुंगत होतं, म्हणून मी तो उचलून गिरणीच्या आत, फळीवर, बाकीच्यांच्या डब्यांशेजारी ठेवला होता. एवढाच माझा गुन्हा.

"उचल," आप्पा म्हणाले. "दाणा न् दाणा उचल, न्हाईतर कोंबड्या खात्याल."

आई धावत आली. मला वाटलं, आता ती बोलेल. ती खाली बसली आणि मातीसकट ज्वारी ओंजळीत भरायला लागली. दळणाला आलेल्या बायका बघत होत्या. एक जण हसली. तिला मी आजही बघते, नातवाला शाळेच्या बसवर सोडायला येते ती.

चाकणच्या अलीकडचं आमचं गाव. एकच गिरणी, आप्पांची. बौद्धवाड्याचं दळण पायरीवर ठेवायचं आणि सगळ्या गावाचं झालं की शेवटी दळायचं. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. आणि आमचं दळून झालं की त्या दगडातून आधी गुरांचा भरडा काढायचे, मगच गावाचं पीठ. आमच्या पिठाचा कण गावाच्या भाकरीत जायला नको म्हणून. म्हशींना आमचं पीठ चालत होतं.

मग कंपन्या आल्या. गावानं जमिनी विकल्या, उरलेल्या तुकड्यांवर खोल्यांच्या चाळी बांधल्या. आधी लातूर-बीडची माणसं आली, मग यूपी-बिहारची, मग ओडिशा, आसाम, झारखंडची. चाकणला कोरियन साहेबांसाठी कोरियन पाट्यांची हॉटेलं निघाली. आज शिफ्ट सुटली की आमच्या वेशीत मराठी शोधावी लागते.

मला वाटलेलं, एवढी दुनिया आली, आता कोण कुणाची जात विचारत बसतंय. झालं उलटंच. लातूरकडची बाई यायची, तिचा डबा सरळ आत, फळीवर. तिची जात कुणाला ठाऊक? असेल आमच्यातलीच. आम्ही पडलो इथले, पिढ्यान्पिढ्यांचे; माझं सासरही गावातलंच. आमचं तोंड दिसलं की पायरी. गावचं असण्याची ही आमची कमाई.

आप्पा वारले. त्यांची सून गिरणीवर बसायला लागली. सगळं गाव तिला वहिनी म्हणतं, मीही म्हणते. फरशी बसवली, दुसरं मशीन आलं, पैसे फोनवर घ्यायला लागले. 'बाहेर ठेव' असं तोंडानं कुणी म्हणायचं नाही. आमचा डबा आत ठेवला की थोड्या वेळानं तो आपोआप बाहेर दिसायचा. विचारलं तर वहिनी म्हणायची, "अगं, गर्दी होती, सरकवला." भांडायचं तरी कशाशी? मी वर्षानुवर्षं गप्प बसले. आईवर चिडायचे, तीही अशीच गप्प बसायची म्हणून.

फुलमनी झारखंडची आदिवासी. कंपनीत माझ्याच लाईनवर, वायरी जोडायच्या कामाला. राहते वहिनीच्याच चाळीत. बोलायला कमी, पण कुणाच्या बापाला घाबरत नाही. तिचं हिंदी मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळं आमचं छान जमतं. मला दीदी म्हणते.

मागच्या गुरुवारी कंपनीला सुट्टी होती. आम्ही दोघी दळण घेऊन गेलो. माझ्या डब्यात गहू, तिच्याही डब्यात गहू. आणि सवयीनं मी डबा पायरीवर टेकवणार, तेवढ्यात वहिनी उठून आली. तिनं स्वतःच्या हातानं माझा डबा उचलला आणि आत नेऊन फळीवर ठेवला. पहिल्या नंबरावर.

"अगं ये ना आत," म्हणाली. "तू कशाला बाहेर थांबतीस? तू काय परकी हायस व्हय? आपल्या गावची तू."

मग फुलमनीकडं बोट केलं. "ए, तेरा बाहर रखो. सीढी पे. लास्ट में होगा."

आणि माझ्या कानाशी हळूच, "काय काय खात्यात गं ही लोकं. हायजीनचं बघाया लागतं."

खोटं कशाला बोलू, घटकाभर मला बरं वाटलं. ज्या फळीसाठी लहानपणी डब्याला लाथ बसली, तिथं माझा डबा होता. गावच्या बाईनं उचलून ठेवला होता. आईच्या नशिबात हे कधी आलं नाही. मी आत पाऊल टाकलंसुद्धा.

मागं वळून बघितलं तर फुलमनी वाकून डबा पायरीवर ठेवत होती. का, कशासाठी, काही विचारलं नाही तिनं. तिच्या मुलखातही अशी पायरी असणार, एरवी माणूस इतक्या सहज वाकत नाही. जिथं माझी आई डबा ठेवायची, तिथंच ठेवत होती ती.

डोक्यात तिडीक गेली माझ्या. आमच्या कंपनीत रिलीव्हर, म्हणजे बदलीचा माणूस, आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही. माझा रिलीव्हर आला होता, एवढंच झालं होतं. मी आपली-बिपली काही झाले नव्हते. पायरीवर ठेवायला दुसरं कुणीतरी सापडलं होतं आणि ते बघून मी खूश व्हावं, अशी अपेक्षा होती.

पहिल्यांदा वाटलं, आपलाही डबा उचलावा आणि बाहेर तिच्या डब्याशेजारी नेऊन ठेवावा. कडीला हातही घातला. मग थांबले. मी का बाहेर जाऊ? दोघीही बाहेर बसलो तर वहिनीचं काय बिघडतं? तिला तर सोयीचंच.

मी बाहेर आले, फुलमनीचा डबा उचलला, आत नेला आणि फळीवर माझ्या डब्याच्या पुढं ठेवला.

"वहिनी, आधी हिचं दळा."

वहिनीनं बटण दाबून मशीन बंद केलं. पट्टा गरगरत थांबला.

"डबा उचल तो."

"नाही उचलत."

"तुला आत घेतलं तर डोक्यावर बसाया लागलीस. शेवटी गेलीस ना जातीवर."

आलं तोंडावर. इतकी वर्षं गर्दी, सरकवला, हायजीन. मी म्हणाले, "हां, गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोललात."

रांगेतली लातूरकडची बाई मला म्हणाली, "ताई, कशाला वाद घालायलाव? ठेवू द्या की बाहेर. लेकरं उपाशी बसलीत घरी." दुसरी म्हणाली, आमचा खोळंबा का? एकीनंही वहिनीला विचारलं नाही की मशीन का बंद केलं.

मग वहिनी फुलमनीवर घसरली. "रूम खाली करना पडेगा. समझी क्या?"

भांडण माझं, छप्पर तिचं जाणार. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं. ती पायरी चढून आत आली, फळीजवळ उभी राहिली आणि डब्याच्या झाकणावर हात ठेवला.

"करेंगे खाली," ती म्हणाली. "अभी गेहूँ पीसो."

नाही दळलं. वहिनीनं शटर ओढलं. बायका आम्हाला शिव्या घालत आपापले डबे घेऊन गेल्या. आम्हीही गहू तसेच डोक्यावर घेऊन परत आलो.

नवरा म्हणाला, "तुझा आत घेत होते ना? मग मिटलं होतं की. त्या बाहेरच्या बाईसाठी कशाला गावाशी वाकडं?" पुढं म्हणाला, चाकणला दुसरी गिरणी आहे, नाहीतर पाकिटाचं पीठ आण. संध्याकाळी गावातला एक पुढारी पोरगा आला. लग्नकार्यातसुद्धा आमच्या आळीत न येणारा. दारात उभा राहून म्हणाला, "ताई, आपण भूमिपुत्र. बाहेरच्यांपायी आपल्यात फूट नको."

भूमिपुत्र म्हणे. माझ्या बापाच्या नावावर भूमी कधी होती? मी त्याला तेवढंच विचारलं. तो चहा न घेता गेला. मी विचारलाही नव्हता.

फुलमनीला महिनाअखेरपर्यंत खोली सोडायला सांगितलंय. मी आमच्या आळीत तिच्यासाठी खोली बघतेय. इथंही दोघांनी नाही म्हटलं. आमच्यातल्यांनी. एक जण तर म्हणाला, "ही लोकं काय काय खातात, कोण जाणे." ऐकून मला शरम वाटली आणि राग तर असा आला की मी त्याच्या घरचं पाणीसुद्धा न पिता उठले. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावून ही भाषा. यांच्याशीही भांडण आहे माझं, वहिनीइतकंच.

उद्या गुरुवार. नवऱ्याला सांगून ठेवलंय, पाकिटाचं पीठ या घरात येणार नाही आणि चाकणलाही मी जाणार नाही. गिरणी गावाची आहे, मी गावची आहे, आणि इथं राबून खाणारी फुलमनीही गावचीच आहे. सकाळी आम्ही दोघी जाऊ. डबे फळीवर ठेवू, नंबरानं. वहिनी मशीन बंद करेल. करू दे. आम्ही हलणार नाही. सगळ्या गावाचं दळण अडलं तर अडू दे.