रशियानं न छापलेली हार

आमच्या कोल्हापुरात डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीवरही कुणी सहजी विश्वास ठेवत नाही. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळतं दूध तिथंच हातात देतात. त्यात कसली लबाडी करणार? पण माझे वडील, पेशानं शाळामास्तर, धार काढायच्या आधी गवळ्याच्या हातातली चरवी घ्यायचे, उपडी करायचे आणि आतून बोट फिरवून बघायचे. गवळी म्हणायचा, "मास्तर, आता म्हशीच्या पोटात बी हात घालून बघा की!" वडील हसायचे नाहीत. "बघितलं असतं," एवढंच म्हणायचे.

कुस्तीचं तर विचारूच नये. दोन नामांकित पैलवान एकमेकांच्या माना धरून जरा जास्त वेळ गोल फिरत राहिले, की मैदानाच्या वरच्या पायरीवरून कुणीतरी ओरडणारच, "नुरा हाय, नुरा!" नुरा म्हणजे आतून ठरवून केलेली कुस्ती. एकदा तो शब्द उठला की पैलवानाचं नाव गेलं. खरंखोटं तो जाणे आणि अंबाबाई जाणे. हे सगळं मी वडिलांच्या मांडीवर बसून पाहिलेलं. त्या शब्दात काय ताकद आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं "तेव्हा पोरवय होतं, कळत नव्हतं" असं म्हणायची सोय मला उरायला नको.

अशा गावात आम्ही बास्केटबॉल खेळायचो. तालमीतली पोरं शाळेच्या कंपाउंडावर पाय सोडून बसायची आणि विचारायची, "काय मर्दा, टोपलीला तळच न्हाई की! बॉल ऱ्हाणार कसा?" आमचे खेळाचे सर पतियाळाहून कोर्स करून आलेले. असल्या बोलण्याकडं ते लक्ष द्यायचे नाहीत. त्यांच्याकडं रशियाच्या मासिकांचा गठ्ठा होता. त्या काळी ही मासिकं घरोघरी यायची. स्वस्त आणि कागद गुळगुळीत, त्यामुळं लोक ती वाचायचे कमी आणि पोरांच्या वह्यांना कव्हरं घालायचे जास्त. सर मात्र त्यातलं एक पान फाडू द्यायचे नाहीत. रविवारचा सराव झाला की रिंगखाली आम्हाला बसवायचे आणि युरोपातल्या आमच्याच वयाच्या पोरांच्या स्पर्धेचा इतिहास सांगायचे. कुणी पानिपत सांगावं तसा.

"पहिली स्पर्धा इटलीत, नेपल्सला. जिंकलं कोण?"

"रशिया!"

"दोन वर्षांनी परत इटलीतच. कोण?"

"रशिया!"

"मग स्पेन. मग ग्रीस."

"रशिया, रशिया!"

"सर, ही नुरा हाय," मागून एकजण म्हणाला.

"गाढवा, नुऱ्याला दोन्हीकडची माणसं लागतात. सगळा युरोप काय खुळा आहे?"

पाचव्या वेळी मात्र गंमत झाली. मासिकं येत राहिली. ट्रॅक्टर आले, धरणं आली, अंतराळवीर आले, स्पर्धेची बातमी काही येईना. सर म्हणाले, रद्द झाली असेल. मी म्हणालो, "सर, छापलं नाही म्हणजे हरले. गप्प बसलं म्हणजे हरलं."

पुढं सर पुण्याला गेले होते, तिथं त्यांना एका इंग्रजी मासिकात दोन ओळी सापडल्या. युगोस्लाविया जिंकला होता, घरच्या मैदानावर, समुद्रकाठच्या कुठल्याशा गावात. सरांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "वकील होणार हा! न छापलेलं वाचतो!" सरांनी माझं केलेलं हे एकमेव कौतुक. बाकीचं सगळं माझ्या मित्राच्या वाट्याला जायचं.

हा मित्र चंदगडकडचा. शिकायला येऊन बोर्डिंगात राहायचा. उंच, काटकुळा, आमच्या घरी आला की चौकटीखालून वाकून यायचा आणि आई म्हणायची, "देवाला नमस्कार आपोआप होतोय बघ ह्याचा." बॉल त्याच्या हातात गेला की जणू घरी पोचायचा. युगोस्लावियाची बातमी कळल्यापासून तो त्या देशाच्या प्रेमातच पडला. सरांना विचारायचा, "सर, त्या गावात पाऊस आमच्यावानीच पडतो का वो?" आम्ही त्याला युगोस्लाव्ह्या म्हणायला लागलो. तो ओ द्यायचा.

त्या वर्षी सरांनी सांगून टाकलं होतं की विभागाची फायनल बघून राज्याच्या ज्युनिअर शिबिराला ते एकाच पोराचं नाव पाठवणार. तो एक म्हणजे तो किंवा मी, हे सगळ्यांना दिसत होतं. मला त्या निवडीची हौस होती. त्याला गरज होती. तिथून पुढं पोलिसात, रेल्वेत खेळाडू म्हणून घेतात असं त्यानं ऐकलं होतं. "न्हाईतर हायच की," तो म्हणायचा, "भात लावायचा आन पावसात कुजायचं."

सरावानंतर आम्ही बरोबर परतायचो. दिवे लागायची वेळ झाली की तो माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. मला वाटायचं, दोस्तीचा हात. एका संध्याकाळी गंगावेशीच्या अलीकडं तो सरळ चालत जाऊन उभ्या म्हशीवर आदळला. गवळी ओरडला, "आरं, एवढी म्हस दिसंना व्हय रं तुला?" हा हसून म्हणाला, "काळी हाय की मामा, अंधारात कोन बघतंय!" पुढं कोपऱ्यावर आल्यावर हसणं थांबलं. "लेका, खरंच दिसत न्हाई. दिस मावळला की समदं काळं. सरांला सांगू नगंस." मी अंबाबाईची शपथ घेतली.

फायनल सांगलीच्या संघाशी होती. त्या दुपारी शाळेबाहेरच्या रसाच्या गाड्यामागं मी त्याला पाहिलं. सांगलीच्या संघाबरोबर आलेला एक माणूस त्याच्याशी हळू आवाजात बोलत होता. त्यानं कागदात बांधलेली पुडी दिली, ह्यानं इकडंतिकडं बघून ती पिशवीत खुपसली. आत कपडे बदलताना त्याची पिशवी माझ्याशेजारी होती. पुडीला माशाचा वास येत होता.

वास मला आला होता. वाक्य लहान आहे, पण लिहायला मला बरीच वर्षं लागली. लाच म्हणून कुणी मासे देत नाही, एवढं तेव्हाही मला कळत होतं. डोळ्यांना चांगल्या म्हणून शार्कच्या तेलाच्या गोळ्या वडील मलाही देत असत, नाक दाबून. पण मी तो वास बाजूला ठेवला आणि पुडी तेवढी लक्षात ठेवली.

सामना चारला सुरू व्हायचा, पण प्रमुख पाहुणे उशिरा आले. मग नारळ, मग हार, मग युवकांचं कर्तव्य या विषयावर भाषण. उत्तरार्ध लागला तेव्हा ऊन संपलेलं. कुणीतरी दोन बल्ब बांबूला बांधून आणले, ते मैदानाच्या एकाच टोकाला. आम्हाला बॉल टाकायचा ती रिंग दुसऱ्या टोकाला.

शेवटच्या टाइम आउटला तो माझ्याजवळ आला. माझा शर्ट धरला. "रिंग दिसंना झालीया. सरांला सांग, ह्याचा पाय मुरगाळलाय. मी लंगडतो. मला भाईर काढाय लाव."

मला त्याक्षणी सगळं स्वच्छ दिसलं. पाय मुरगाळून तो बाहेर गेला असता, तर सर हळहळले असते आणि नाव त्याचंच पाठवलं असतं. आत राहिला असता तर?

"थोडा वेळ राहिलाय," मी म्हणालो. "खेळ की."

तो खेळला. वास्तविक चांगलाच खेळला. आवाजावर पास घेत होता. आम्ही एका गुणानं मागं असताना त्याच्या हातावर फाऊल झाला आणि त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. सरावात डोळे मिटून टाकायचा. पहिला बोर्डाला लागून परत आला. दुसरा रिंगपर्यंत पोचलाच नाही, वाटेतच खाली पडला. सामना संपल्याची शिट्टी झाली. क्षणभर कंपाउंडावरची पोरं गप्प होती.

मी त्यांच्याकडं तोंड केलं आणि म्हणालो, "नुरा हाय ही." ओरडलो नाही. ओरडायचं काम त्यांनी केलं.

"नुरा! नुरा!" सगळी भिंत ओरडायला लागली. कुणी शिट्ट्या मारल्या. कुणी विचारलं, "सांगलीची हळद लावून आलायस व्हय रं?" तो अजून रेषेवर उभा होता. आवाज कुठून येतोय तिकडं मान वळवत होता.

खेळाच्या सामानाच्या खोलीत सरांनी दार लावलं. आत आम्ही तिघंच. पुडीचं मीच सांगितलं होतं, दारात.

"सांगलीवाल्यानं काय दिलं तुला?" सरांचा आवाज फुटला होता.

तो बोलला नाही. डोळ्यांचं सांगावं तर शिबिर गेलंच, शिबिरच काय, खेळच गेला. न सांगावं तर विकला गेला म्हणणार. दोन्हीकडून वाट बंद होती. ती उघडायला तिथं एकच माणूस होता आणि त्यानं अंबाबाईची शपथ घेतलेली होती. शपथेचा असा उपयोग मी पुढं पुष्कळ वर्षं करून घेतला: मी काय, शब्द पाळला.

"बोल की रे," सर जवळजवळ विनवत होते. "काहीतरी बोल. मी ऐकतो."

तो खालीच बघत राहिला. आणि मी म्हणालो, "सर, गप्प बसलं म्हणजे हरलं."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना ते वाक्य आठवलं असणार. मग त्यांनी दार उघडलं आणि त्याला म्हणाले, "जा तू."

बोर्डिंगातली त्याची ट्रंक लवकरच गेली. शिबिराला मी गेलो. राज्याच्या संघात राखीव म्हणून बसलो, मैदानात पाय ठेवला नाही. पण तेवढ्यावर खेळाडूंच्या जागेतून बँकेत लागलो. सरांनी पुढं रविवारी रिंगखाली बसणं बंद केलं. इतिहास पाचव्या स्पर्धेपाशी थांबला. मी कमी बोलणारा म्हणून ओळखला जाऊ लागलो. घरात, कचेरीत, कुणी जरा गप्प बसलं की हा काय लपवतोय, असं मनात यायचं. बायको एकदा म्हणाली, "तुम्हाला माणसं कमी आणि चोर जास्त दिसतात."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बँकेच्या कामानं चंदगडला जावं लागलं. पावसात एसटीतून उतरलो आणि काजूच्या एका शेडमध्ये चौकशीला शिरलो. आत चारपाच बाया आणि एक उंच माणूस गर निवडत बसले होते. बाया बघून निवडत होत्या. तो वर कुठंतरी बघत होता आणि बोटांनी अख्खा गर एकीकडं, तुकडा दुसरीकडं टाकत होता. मी मालकाशी बोलायला लागलो, तशी त्याची बोटं थांबली.

"वकील?" तो म्हणाला.

त्यानं चहा मागवला. मी न विचारताच त्यानं सांगितलं की आता दिवसाही फार दिसत नाही, उजेड-सावली कळते. दुखणं डोळ्यांच्या नसांचं होतं, गोळ्यांनी जाणारं नव्हतं. "तरी त्यो सांगलीचा पावना लई भला मानूस. मिरजंच्या दवाखान्यात कामाला हुता. माशाच्या तेलाच्या गोळ्या घिऊन आलता बिचारा. त्याला बी लोकांनी शिव्या दिल्या असतील."

मी कप हातात धरून बसलो होतो.

"फुडं काय झालं रं?" त्यानं विचारलं.

"कशाचं?"

"युगोस्लावियाचं! परत जिंकलं का न्हाई? हितं कोन सांगतंय मला."

मला माहीत नव्हतं. त्यानंतर मी कधी बघितलंच नव्हतं. तसं सांगितल्यावर तो म्हणाला, "आसू दे." शेडच्या पत्र्यावर पाऊस वाढला. त्यानं एक गर उचलला, बोटांत फिरवला आणि खाली न ठेवताच विचारलं, "मी तुला सांगितलं हुतं न्हवं, रिंग दिसंना म्हनून? का माझ्या मनाचाच ख्योळ त्यो? इतकी वर्सं झाली, आता माझाच माझ्यावर इस्वास ऱ्हायला न्हाई."

एवढंच त्याला हवं होतं. हो म्हणायचं होतं फक्त. इतक्या वर्षांत तो मला सोडून स्वतःवर संशय घेत बसला होता. मी तोंड उघडलं. शेडमधल्या बाया ऐकत होत्या. मालक ऐकत होता. मी बँकेचा माणूस होतो.

तो थांबला, बराच थांबला. मग हसला. "बरं. छापलं न्हाई म्हनायचं."

स्टँडपर्यंत तो पोचवायला आला. वाट त्याच्या पायाखालची होती, तरी त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

परत आल्यावर मी शोधून काढलं. त्याच्या लगेच पुढच्या दोन्ही वेळा युगोस्लावियाच जिंकला होता, एकदा फ्रान्समध्ये, एकदा स्पेनमध्ये. कळूनही त्याला कळवलं नाही, कारण तेवढंच कळवून थांबता आलं नसतं.

आता हे छापायला देतो आहे. छापून आलं की अंक चंदगडला पाठवीन. त्याला तो कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागेल, मुलाकडून म्हणा, शेडमधल्या एखाद्या बाईकडून म्हणा. म्हणजे वाचणाऱ्यालाही कळेल, आणि तिथं बसलेल्या सगळ्यांना. ते म्हणतील, हा आता का सांगतोय, ह्यात ह्याचा काय डाव असेल? म्हणू देत. मी त्यांच्या जागी असतो तर चरवीत बोट घालून बघितलंच असतं.

तू मला सांगितलं होतंस. टाइम आउटला, माझा शर्ट धरून.