तुरटी फिरवली त्या दिवशी

ये गं बाय, अशी जवळ बस. आता कागदावरच बस म्हणायचं, खरी तू येतेस कुठे! फोनवर मात्र रोज विचारणार, "आई, बाबांचे मासे कसे आहेत?" मी म्हणते, "बरे आहेत." खोटं बोलते गं. आज खरं लिहिते.

गुडघ्यांपायी तुझ्या बाबांनी होडी सोडली आणि काचेच्या टाकीत दोन सोनेरी मासे आणले, तेव्हा सगळी आळी हसली होती. शेजारीण म्हणाली, "जन्मभर मारले, आता पाळतोय म्हातारा!" हे म्हणाले, "कालवणाला मागायला येऊ नको, म्हणजे झालं."

हे गेले, आणि टाकीच्या काचेतून पलीकडची ह्यांची रिकामी खुर्ची दिसायला लागली. बघवेना. म्हणून शेजारणीला हाताशी घेऊन टाकी खिडकीत नेली. तिथे दुपारभर ऊन. थोड्याच दिवसांत पाणी हिरवंगार, मासेसुद्धा दिसेनात.

मला काय ठाऊक? पाणी गढूळ झालं की हंड्यात तुरटी फिरवायची, एवढंच आईने शिकवलेलं. फिरवली, चांगली हात दुखेपर्यंत. संध्याकाळी मोठा मासा वर येऊन तोंड उघडझाप करत होता. सकाळी गेला. एवढे मासे कापले गं, हाताला कधी काही वाटलं नाही. ह्याला मात्र ओंजळीत धरून नेलं. नारळाच्या बुंध्याशी पुरला.

मग अलिबागच्या मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला. आधी तो ओरडलाच, "तुरटी? अहो आजी, ते काय प्यायचं पाणी हाय?" मग नीट सांगितलं: उन्हाने बारीक शेवाळ वाढलंय, टाकी सावलीत ठेवा, खाणं कमी घाला, सगळं पाणी एकदम ओतू नका. दर दोन दिवसांनी थोडं काढायचं आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घालायचं.

घरात सावलीची जागा एकच, जुनीच. तिथे नेली. वर जुनं लुगडं गुंडाळलं. तांब्या तांब्याने पाणी बदलत राहिले. हळूहळू निवळलं. धाकटा मासा जगला, हे मात्र खरं सांगते.

पण पाणी निवळलं, लुगडं काढलं, तशी खुर्चीही परत दिसायला लागली. आता टाकी हलवायची सोय नाही. त्याला जगवायचं तर मला बघत राहायला हवं.

रागव हवं तर, पण समोर येऊन रागव. लवकर ये.