सम्राटाच्या तोंडचा स

सम्राटाने हात उंचावला, आखाड्याभोवती जमलेल्या हजारोंच्या गर्दीकडे एकवार पाहिलं आणि शिट्टी मारली.

"सिंह सोडा!" असं त्याने म्हणायचं होतं. पण 'स' उच्चारताना अशी तीक्ष्ण शिट्टी वाजली, की माझ्या शेजारी बसलेल्या मिलिंदने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"मॅडम, माईक गेला का बघतो," तो म्हणाला.

माईक ठणठणीत होता. केबल बदलली, तीही ठणठणीत होती. आम्ही परत टेक घेतला आणि परत शिट्टी वाजली. काचेपलीकडे बूथमध्ये सम्राट, म्हणजे परब काका, खाली मान घालून उभे होते.

मी डबिंग डायरेक्टर आहे. दुसऱ्या भाषेतला चित्रपट मराठीत आणायचा, तर पडद्यावरच्या प्रत्येक माणसाला मराठी आवाज द्यावा लागतो. तो आवाज कोणाचा, शब्द कोणते आणि ते ओठांच्या हालचालीवर बसतात की नाही, हे पाहणं माझं काम. अंधेरीला एमआयडीसीत आमचा स्टुडिओ आहे. मिलिंद कांबळे आमचा रेकॉर्डिस्ट. चेंबूरहून येतो आणि कमी बोलतो.

हा चित्रपट होता प्राचीन रोमचा. नाव सांगत नाही, करारात मनाई आहे. रथ, गुलाम, सिंह, संगमरवरी पायऱ्या आणि पावणेतीन तास. रविवारी दुपारी तो एका मराठी चॅनेलवर लागणार होता, आणि शिट्टी वाजली त्या दिवशी मंगळवार होता. चॅनेलचे देसाई सर शाळेत असताना वडिलांबरोबर हा चित्रपट थिएटरात पाहून आले होते. त्यानंतर किती वेळा पाहिला ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. पहिल्याच मीटिंगमध्ये ते मला म्हणाले होते, "बाकीचे पिक्चर तुम्ही करा कसेही. हा माझा आहे. याला हात लावताना चप्पल काढून बसा." मी हसले. ते हसले नाहीत.

सम्राटाच्या आवाजासाठी त्यांनी नऊ जण ऐकले आणि परब काकांवर बोट ठेवलं. काका एकाहत्तर वर्षांचे. तरुणपणी गिरणीत होते आणि कामगारांच्या नाटकांत राजे, जमीनदार, खुनी सावकार असं सगळं करायचे. गिरणी बंद झाली, आवाज राहिला. मी या धंद्यात नवी होते तेव्हा मला माईकसमोर श्वास कुठे घ्यायचा ते त्यांनीच शिकवलं होतं.

मी बूथमध्ये गेले. "काका, काय झालं?"

काकांनी ओठ किंचित उघडले. आत शुभ्र, एकसारख्या दातांची झगझगीत रांग.

"उरलेले चार काढून नये दात घातलंय गो बाय," ते म्हणाले. "नातीचो साखरपुडो. फोटोत बोळकां दिसाक नको म्हणान सगळ्यांनी मागे लागान..."

'साखरपुडो'ला एक शिट्टी, 'दिसाक'ला दुसरी आणि 'सगळ्यांनी'ला तिसरी.

आम्ही त्यांच्या डेंटिस्टना बोरिवलीला फोन लावला. ते म्हणाले, "कवळी उत्तम बसली आहे. जिभेला सवय व्हायला पंधरा दिवस लागतात. त्यांना पेपर मोठ्याने वाचायला सांगा."

पंधरा दिवस आमच्याकडे नव्हते. शिवाय चित्रपटाच्या पाच भागांपैकी तीन भाग आधीच झाले होते, जुन्या दातांनी. सम्राट बदलायचा तर पहिल्यापासून सगळं नव्याने करावं लागलं असतं.

मिलिंदने जमेल ते केलं. सॉफ्टवेअरने शिट्टी दाबली, तर सम्राट तोतरा वाटू लागला. आधीच्या भागांतले चांगले 'स' कापून नव्या वाक्यांत चिकटवून पाहिले. बसले. पण एकेका अक्षराला वीस मिनिटं लागत होती आणि सम्राट खूप बोलत होता. मग काकांनी कवळी काढून एक टेक दिला. "फिंहाफनावर मी बफलो आहे," असं ऐकू आलं. मिलिंद टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

"माका काढ, बाय," कवळी परत बसवून काका म्हणाले. शिट्टी येऊ नये म्हणून त्यांनी एवढंच म्हटलं असावं. चेहरा पडला होता. त्यांच्या वयाच्या कलाकाराला एकदा काढलं की तो विषय संपतो. पुन्हा कोणी फोन करत नाही. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मी स्क्रिप्ट पुढे ओढली. लाल पेनने सम्राटाच्या वाक्यांतल्या प्रत्येक 'स', 'श' आणि 'ष'ला गोल केले. पानं गोवर आल्यासारखी दिसायला लागली.

"मिलिंद," मी म्हटलं, "आपण 'स' काढून टाकू."

"आवाजातून?"

"भाषेतून."

सम्राट, सेनापती, सैनिक, सिंहासन, साम्राज्य, शत्रू, शिक्षा. रोमचा कारभार 'स'वाचून एक दिवस चालणार नाही, हे मला तेव्हा कळलं. त्यात या लोकांना प्रत्येक नावाच्या शेवटी 'स' लावायची खोड. फॅबियस, टायटस, पब्लियस. घोड्याचं नावसुद्धा 'स'वर संपत होतं.

तरी आम्ही बसलो. 'मी रोमचा सम्राट आहे'चं झालं 'रोम म्हणजे मी'. 'हे सिंहासन माझं आहे'चं झालं 'ही जागा माझी'. 'सैनिकांनो, सज्ज व्हा'चं मी 'गड्यांनो, तयार?' केलं.

"मॅडम, मावळे वाटतायत," मिलिंद म्हणाला.

'गड्यांनो' काढलं. नुसतं 'तयार?' राहिलं. नावांचा प्रश्न सुटेना, म्हणून नावंच काढली. सम्राट आता सगळ्यांना 'तू', 'ए' किंवा 'बाळा' म्हणू लागला. सिंहाला मात्र पर्याय मिळेना. वाघ म्हणावं, तर पडद्यावर आयाळ दिसते. 'पिंजरे उघडा' छान होतं, पण 'प' म्हणताना ओठ मिटतात आणि पडद्यावरच्या सम्राटाचे ओठ पहिल्या क्षणापासून उघडे.

काका बूथमधून म्हणाले, "पिंजरे कित्याक? नुसता 'उघडा' म्हणतंय."

मिलिंदने चित्र सुरू केलं. काकांनी हात उंचावला, थांबले आणि अगदी हळू म्हणाले, "उघडा."

या वेळी मिलिंदने हेडफोन काढले नाहीत.

गुरुवारी देसाई सर न सांगता आले. स्वतःची स्क्रिप्ट काखेत, जुनी, कोपरे दुमडलेली. दातांची गोष्ट त्यांना सांगायची नाही, असं मी ठरवलं होतं. म्हटलं, सांगितलं तर ते चित्रपट नाही ऐकणार, दात ऐकतील.

दहा मिनिटांत त्यांनी हात वर केला. "थांबवा. इथे तो 'टायटस, जवळ ये' म्हणतो."

"सर, आम्ही 'बाळा, जवळ ये' केलंय."

"बाळा?" ते माझ्याकडे वळले. "रोमचा सम्राट बाळा म्हणतो?"

माझी पुरती वाट लागली होती. तोंडाला आलं ते बोलून गेले. "ज्याला मारणार आहे, त्यालाच म्हणतो, सर. आणि नाव कुणाचंच घेत नाही. त्याच्या दृष्टीने नाव असलेला माणूस जगात एकच आहे. तो स्वतः."

देसाई सर पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "परत दाखवा." परत पाहिलं. "च्यायला," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत हे मला कसं दिसलं नाही? झकास! पण मग पहिल्या तीन भागांत तो नावं का घेतो?"

"ते... काढायचं राहिलंय."

"काढा."

अशा रीतीने पहिल्या तीन भागांतले शुद्ध, निर्दोष, एकही शिट्टी नसलेले 'टायटस' आणि 'पब्लियस' आम्ही स्वतःच्या हाताने पुसले आणि तिथे 'बाळा' भरलं.

शुक्रवारी शेवटचा प्रसंग होता. सम्राट पायऱ्यांवर घायाळ पडलाय, समोर दोन्ही मुलगे उभे आहेत, आणि तो धाकट्याची माफी मागतो. आम्ही 'बाळा, मला माफ कर' असं लिहून ठेवलं होतं. देसाई सर पुन्हा हजर.

"नाही, नाही. इथे नाव हवं," ते म्हणाले. "आयुष्यभर कुणाचं नाव घेतलं नाही ना त्याने? मग मरताना पहिल्यांदा घेतो. फॅबियस! अहो, तुमचीच तर कल्पना आहे!"

माझीच होती. मी काचेतून काकांकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पाण्याचा पेला रिकामा करून हातात घेतला आणि आमच्याकडे पाठ केली. मिलिंदच्या ते आधी लक्षात आलं. त्याने बूथमधला दिवा मंद केला.

"मूडसाठी," त्याने देसाई सरांना सांगितलं.

पेल्यात काहीतरी खणकलं.

पडद्यावर सम्राटाच्या तोंडातून रक्त येत होतं. काका बोलू लागले. शब्द जड होते, ओले होते, कडा नसलेले होते. "फॅबिय..." शेवटचं अक्षर 'स' नव्हतं, 'फ' नव्हतं, नुसती हवा होती. "मला माफ कर." श्वास संपत आलेल्या म्हाताऱ्याचा तो आवाज होता. त्यात राजा कुठेच नव्हता. कुणी कधी फोन करणार नाही म्हणून घाबरलेला माणूस मात्र होता, किंवा मला तसं वाटलं असेल. दुसरा टेक घ्यावा लागला नाही.

देसाई सर चष्मा पुसत होते. काका बाहेर आले, ओठ घट्ट मिटलेले. सरांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "काका, हा आवाज काढलात कसा?"

काकांनी तोंड न उघडता नमस्कार केला आणि सरळ बाथरूमकडे गेले.

"फार भावनाप्रधान आहेत," देसाई सर म्हणाले.

चित्रपट रविवारी लागला. देसाई सरांनी घरच्या सगळ्यांना समोर बसवून पाहिला आणि पुढचे चित्रपटही आमच्याकडेच पाठवले, काकांसाठी भूमिका राखून. काकांची जीभ पंधरा दिवसांत सरळ झाली. मग ते मला म्हणाले, पुन्हा दाखवतील तेव्हासाठी आता तो शेवटचा प्रसंग नीट करून देतो. मी नको म्हटलं. दातांचं देसाई सरांना मी अजून सांगितलेलं नाही.

'स' वगळून मराठी बोलता येतं, हे मी त्या आठवड्यात शिकले. फक्त फार कमी बोलावं लागतं, थांबत थांबत बोलावं लागतं आणि कुणाचं नाव घेता येत नाही. असा माणूस ऐकणाऱ्याला आपोआप सत्ताधारी वाटतो. तेव्हापासून मीटिंगमध्ये कुणी तसं बोलायला लागलं, की मी आधी त्यांच्या दातांकडे बघते.