लोला तिबांगचं काळं शिंग

आमच्या वाडीत सांगतात की लोला तिबांगचं, म्हणजे तिबांग आजीचं, हरणाचं शिंग पिसाळलेल्या कुत्र्याचं विष पितं. चावल्या जागी लावलं की चिकटतं, पोट भरलं की आपोआप गळून पडतं, आणि आजवर एवढं विष प्यायलंय म्हणून कोळशासारखं काळं झालंय. हे सांगताना माझी मावशी आवाज खाली नेते आणि डोळे वर. मी ते तसंच्या तसं करून दाखवते, मावशी समोर नसेल तर. वाडीतल्या सगळ्यांचेच आवाज मी काढते.

यातलं काळं तेवढं खरं. शिंग चुलीवर टांगलेलं असतं, धुरानं काळं झालंय. हे मला खुद्द लोलानंच सांगितलं, सुकत घातलेली मासळी उलटताना.

"मेलेल्या हरणाला काय कळतंय विषातलं? जिवंत होतं तेव्हाही कुत्र्याबद्दल त्याला एवढंच कळायचं, की पळावं."

"मग टाकून का देत नाहीस, लोला?"

"टाकलं तर लोक पलीकडच्या शिंगवाल्याकडे जातील, इंदाय. तो शिंग लावेल, माडी पाजेल न् घरी पाठवेल. मी पण तेच करायचे. माझ्या बहिणीचा पोरगा बोयेट तसाच घरी गेला. महिन्यानं पाण्याचा पेला नुसता दिसला तरी त्याचा गळा आवळायचा. तिथून पुढं कुणी परत येत नाही."

मग ती बराच वेळ नुसती मासळीच उलटत राहिली. उलटून झालेलीसुद्धा.

नोंग रोके, म्हणजे रोकेदादा, आमच्या शेजारचा. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो आणि झुंजीचा लाल कोंबडा पाळतो. कोंबड्याला उकडलेलं अंडं स्वतःच्या हातानं भरवतो. बायकोला जेवलीस का, एवढंही विचारत नाही. गेल्या वर्षी त्यानं कुठून तरी कुत्र्याचं पिल्लू आणलं. कुत्र्यांना लस टोचायचा दिवस नुकताच होऊन गेला होता, म्हणून "पुढच्या वर्षी बघू" म्हणाला. फिएस्ताला, गावच्या जत्रेला, आठवडा उरला असताना ते पिल्लू त्याच्या हाताला चावलं. बायकोनं त्याला ढकलतच लोलाकडे आणलं.

"त्याला धड दात तरी आलेत का?" रोके म्हणाला.

"तुझ्या हाताला विचार." लोलानं कपड्याच्या साबणाची वडी त्याच्या हातात कोंबली आणि त्याला पंपाखाली बसवलं. "धू. अख्खी जपमाळ होईस्तोवर."

रोके 'नमो मरिया' इतक्या घाईनं म्हणायला लागला की मरिया कुठं संपते न् आमेन कुठं लागतो, कळेना.

"पुन्हा," लोला म्हणाली.

"देवाला ऐकू गेलं की, लोला."

"देवाला गेलं असेल. साबणाला गेलं नाही."

पंप मीच हापसत होते. जपमाळ संपली तेव्हा रोकेचा हात पांढरा पडला होता आणि माझे दोन्ही दंड भरून आले होते. मग लोलानं शिंग वरून खाली घेतलं आणि जखमेपासून जरा वर, मनगटाला फडक्यानं बांधलं.

"हे सोडायचा मंत्र फक्त शहरातल्या नर्सबाईला येतो. कुत्रं चावल्यावर सुया देतात ना, तिथल्या. आत्ताच्या जीपनं जा."

"पोटात चौदा सुया देतात म्हणे."

"दंडात देतात. पोटात तुझ्या माडीशिवाय कशाला जागा आहे?"

मी सोबत गेले. नर्स ग्लेंदानं गंभीर चेहऱ्यानं ओठ हलवले, फडकं सोडलं आणि तिनातली पहिली सुई दिली. मंत्र काय होता, असं मी हळूच विचारलं. "कांदे, तेल, पोराची वही," ती म्हणाली. "संध्याकाळी आणायचंय."

दुसऱ्या सुईच्या आधीच पिल्लाच्या तोंडातून लाळ गळायला लागली आणि रोकेच्या खांबांवर उभ्या घराखाली, एका खांबाला टेकून ते मेलं. त्या दिवशी मी कुणाचाच आवाज काढला नाही. रोकेच्या बायकापोरांनीही पिल्लाला कुरवाळलं होतं. लोलानं त्यांनाही साबण लावला आणि सगळ्यांना जीपमध्ये कोंबलं. रोके वाटभर पोरांच्या हातांवर ओरखडे शोधत होता.

पण शेवटची सुई नेमकी फिएस्ताच्या दिवशी, आणि त्याच दिवशी मोठी झुंज. आदल्या दिवशी रोके अंगणात कोंबड्याचे पाय चोळत बसला होता.

"दोन झाल्या की," तो म्हणाला. "तिसरी शोभेची असणार."

मी लोलाला म्हटलं, हा जात नाही. तो पिल्लू विसरला.

"भीती आठवडाभर टिकत नाही," ती म्हणाली. "कोंबडा जन्मभर टिकतो. तो जाणार. लाव पैज."

मी जिंकले तर शिंग माझं. ती जिंकली तर पुढच्या लशीच्या दिवशी मी ती म्हणेल ते करायचं.

फिएस्ताच्या सकाळी रोकेच्या घरून ओरडा ऐकू आला. कोंबडा गायब. अख्खी वाडी शोधायला लागली. लोला तिबांग शहरच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली होती, चांगले कपडे घालून, मांडीवर लाल कोंबडा.

"लोला, झुंज दुपारी आहे," रोके चालत्या जीपला लटकत म्हणाला.

"सुई सकाळी आहे."

सुई घेऊन दुपारी तो वेळेवर परतला. कोंबडा पहिल्याच फेरीत हरला. आपल्या दंडातली लस कोंबड्याला बाधली, असं रोके आजही सांगतो. सांगायला तो आहे, म्हणून ऐकून घेतो आम्ही.

यंदाच्या मार्चमध्ये बास्केटबॉलच्या मैदानावर लस टोचणारे आले. गाडीवरचा कर्णा बोंबलत होता की देशात कुत्र्यापायी एकही माणूस मरता कामा नये. कुत्री मात्र कर्ण्याला भिऊन घरांखाली दडली होती. लोलानं कर्णा बंद करायला लावला आणि पैज हरलेल्या मला टेबलावर उभं केलं.

"हं. ज्यांची कुत्री, त्यांच्या आवाजात."

मी मावशीच्या आवाजात हाक मारली, पाववाल्याच्या मारली, पाद्रीबाबांच्या स्वयंपाकिणीच्या मारली. शेपट्या हलवत एकेक कुत्रं आलं आणि सुई घेऊन केकाटत गेलं. शेवटी मी नोंग रोकेच्या आवाजात हाक मारली, तो नव्या पिल्लाला मारतो तशी. पिल्लू आलं. त्याच्या मागोमाग रोकेही आला, अर्धी दाढी साबणात.

"मी तर घरात होतो," तो म्हणाला. "मग हाक कुणी मारली?"

"तूच," लोला म्हणाली. "आता धर त्याला."