आईच्या पावलाचं माप

माझी आई रिंग खेळायची. आज यात कुणाला विशेष वाटणार नाही. पण स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती तेव्हाचं आमचं अंबरनाथ डोळ्यांसमोर आणा. छत्तीस वर्षांची बाई, तेरा वर्षांच्या मुलीची आई, एरवीची पाचवारी सोडून नऊवारी घट्ट कसते आणि कारखान्याच्या क्लबच्या मैदानात जाळीवरून रबरी रिंग भिरकावते. एवढा विषय आमच्या पश्चिमेकडच्या क्वार्टर्सना दुपारचं निवडणं-टिपणं करताना आठवडाभर पुरायचा. आईला त्याचं काही नव्हतं. ती कुळगावची. लहानपणी भाताच्या बांधांवरून पळालेली, शाळेत खो-खोत कुणाच्या हाती न लागलेली. आमच्या घरात काळजी करायला आम्ही दोघं होतो, बाबा आणि मी.

बाबा कारखान्याच्या ऑफिसात होते. पत्र पेटीत टाकलं की ते वाकून पेटीखाली बघायचे, पत्र चुकून बाहेर तर पडलं नाही ना. आई हसायची. मी हसत नसे, कारण मीही बघायची.

आदल्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीला, बायकांच्या स्पर्धेत, मैदानातल्या मुरुमाचा एक टोकदार खडा आईच्या अंगठ्यात घुसला आणि नखच उपटून निघालं. ती तशीच खेळली, हरली, आणि मग सहा आठवडे लंगडली. नळावरून पाणी बाबांनी भरलं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण आई बरी झाली त्या दिवशी ते म्हणाले, "खेळ तू. पण पुन्हा पायाला लागलं तर रिंग बंद. माझ्याच्यानं बघवत नाही ते." बाबांनी आईला आजवर कसलीच मनाई केली नव्हती, म्हणून आईनं ती मान्य केली. त्यांनी रोज कटकट केली असती तर तिनं ऐकलं नसतं.

मला धडकी भरली ती तेव्हापासून. आई हरण्याची भीती मला कधीच नव्हती. ते सहा आठवडे मी बघितले होते. स्वयंपाक वेळेवर व्हायचा, वेणी घालून मिळायची, पण आई घरात पाहुणी आल्यासारखी वावरायची. हाक मारली की "अं?" म्हणायची. संध्याकाळी क्लबाकडून बायकांचे आवाज आले की ती उगाचच पाटावरचे पापड उलटे करायची. तशी आई मला कायमची नको होती.

बुटांची कल्पना माझी. शाळेत कवायतीला आम्ही पांढरे कॅनव्हासचे बूट घालायचो. त्यातून खडा टोचत नाही हे मला माहीत होतं. मामानं दिवाळीला दिलेले पैसे माझ्यापाशी होते. येत्या संक्रांतीला आईला बूट द्यायचे असं मी ठरवलं आणि लगेच धास्तावले. बाईमाणसाचे बूट मिळतात का? नऊवारीखाली बूट दिसले तर बायका हसतील का? आणि सगळ्यात मोठं म्हणजे, माप कसं घ्यायचं? आईच्या चपला नेऊन दाखवाव्यात, तर चपलांचा एकच जोड होता.

शेवटी मी थाप मारली. चित्रकलेच्या बाईंनी पाऊल काढून आणायला सांगितलंय म्हटलं. आई पीठ मळत होती. तिनं तसाच डावा पाय कागदावर ठेवला आणि मी पेन्सिल फिरवली. टाचेपाशी तिला गुदगुल्या झाल्या. "लवकर आटप गं, पोळ्या राहिल्यात," म्हणून ती हसत होती. मी बोटांच्या टोकांशी फार जपून पेन्सिल फिरवली. एक रेघ इकडेतिकडे झाली तर बूट घट्ट होईल, घट्ट झाला तर पाय दुखेल, पाय दुखला तर रिंग बंद. माझं डोकं असंच चालायचं.

मग बाबांना सांगितलं. "बुटात पाय मुरगळला तर?" ते म्हणाले. नंतर "बूट घसरला तर?" मी म्हटलं, "आणि अनवाणी खडा घुसला तर?" तेव्हा ते उठले आणि त्यांनी टोपी घातली.

टांगा करून आम्ही वालधुनीपलीकडे उल्हासनगरच्या कॅम्पात गेलो. सिंधी निर्वासितांनी तोवर तिथं बाजार उभा केला होता. लष्कराच्या जुन्या बराकींना गोणपाटाचे पडदे लावून एकेका खोलीत दोन-दोन दुकानं थाटलेली. बुटांच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. "आओ साईं, बैठो. किसके लिए?"

बाबांची जीभ अडखळली. "वो... घर के लोगों के वास्ते."

म्हाताऱ्यानं पुरुषाचे बूट काढले.

"नहीं, नहीं. लेडीज के वास्ते. खेलने का है."

"अच्छा, बच्ची के लिए." त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं.

"बच्ची की माँ के लिए," बाबा म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले. त्या क्षणी मला बाबांचा इतका अभिमान वाटला की मी त्यांचा हात धरला.

म्हातारा हसला नाही. त्यानं माझा कागद उजेडात धरला, वितीनं मोजला आणि मुलांच्या मापाचे तीन जोड काढले. एकाचा तळ कडक होता, एकाच्या आत शिवण टोचत होती. ते मीच हात घालून घालून शोधलं. बाबांनी प्रत्येक तळ वाकवून पाहिला, हुंगूनसुद्धा पाहिला. तिसरा जोड मऊ होता. म्हाताऱ्यानं कागदाचं पाऊल कापून आत सरकवलं, ते बरोबर बसलं. मग त्यानं विचारलं, "पैर पे कुछ है, साईं? गाँठ-वाँठ? कोई उठी हुई जगह?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "नहीं, नहीं, कुछ नहीं," आम्ही दोघंही म्हणालो. म्हातारा म्हणाला, "एक बार पहना, तो वापस नहीं होगा."

संक्रांतीला तिळगुळाबरोबर मी पुडकं पुढे केलं. आईनं दोरी सोडली, बूट पाहिले, आणि तिचा चेहरा असा काही झाला की माझी सगळी काळजी पळाली. तिनं लगेच पाय घातला. टाच बसली. मग पुढे कुठंतरी पाय थबकला. तिनं नेट लावला, ओठ दाबले, आणि नाडी बांधून उभी राहिली. "अगदी मापाचे आहेत हो!" ती म्हणाली. बाबा खूश झाले. मी तिच्या ओठांकडे पाहिलं होतं. माझी काळजी परत आली.

आठवड्यानं बुटांना खडू लावून पांढरे करायला मी घेतले. आत हात घातला, तर पुढच्या बाजूला कापड ताठरलं होतं. उलटून पाहिलं तर तांबूस डाग. दोन्ही बुटांना, एकाच जागी, अंगठ्याशेजारच्या बोटाखाली आणि वर.

मी तशीच आईकडे गेले. ती भाजी चिरत होती, पाय पुढे पसरून. त्या बोटांना तिनं चिंध्या गुंडाळल्या होत्या, आणि चिंध्यांमधून चांदीची जोडवी चमकत होती. जन्मापासून ती मी पाहत आले होते. लहानपणी तिच्या मांडीवर पडून ती फिरवत झोपले होते. आणि दुकानात मी छातीठोकपणे सांगून आले होते, पायावर काही नाही म्हणून. चांगली जाड जोडवी, कॅनव्हासखाली चेपली जाऊन त्याच बोटांत रुतत होती.

"आई, तू सांगितलं का नाहीस?"

"एवढ्या हौसेनं आणलेत तुम्ही. सैल होतील हळूहळू." मग तिनं चिरणं थांबवलं. "बाबांना सांगू नकोस."

ते मला सांगायलाच नको होतं. मी म्हटलं, "मग खेळताना तेवढी जोडवी काढून ठेव ना. तासाभराचा तर प्रश्न आहे."

आई माझ्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "मी वडाला फेऱ्या घालत नाही," ती हळूच म्हणाली, "उपासतापास करत नाही. गेल्या पावसाळ्यात बाबांना विषमज्वर झाला, एकवीस दिवस ताप उतरेना, तेव्हाही नवस बोलले नाही. एवढं एक पाळते. ते मला पाळू दे."

मला एकदम उमगलं, मी काय बोलले ते. आईनं जोडवी काढायची म्हणजे काय, हे तेरा वर्षांच्या मुलीला कळत होतं. त्यानंतरचे चार-पाच दिवस मी बाबांवर डोळा ठेवून होते. ते खोकले की माझा घास अडकायचा. ऑफिसातून यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी फाटकात. मी नुसतं बोलले होते, जोडवी तर आईच्या पायातच होती. तरी माझ्या बोलण्यानं काहीतरी हललं असं मला वाटत राहिलं. आणि तिकडे आई रोज संध्याकाळी बूट घालून सरावाला जात होती आणि घरी येऊन, बाबा यायच्या आत, चिंध्या बदलत होती. लंगडायची नाही. बाबा समोर असले की मुद्दाम ताडताड चालायची.

बूट मोठे करायचा उपाय मी शाळेत मैत्रिणींकडून ऐकला होता. हरभरे चिंब ओल्या फडक्यात बांधून बुटाच्या टोकात कोंबायचे. ते फुगतात आणि कापड ताणलं जातं. सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी मी पसाभर हरभरे तसे बांधून कोंबले आणि बूट कॉटखाली ढकलले.

सकाळी बाबा जुनी वर्तमानपत्रं काढायला कॉटखाली वाकले आणि हातात बूट घेऊन उठले. त्यातून पाणी गळत होतं. आई आंघोळीला गेली होती.

"हे काय?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि रडायला लागले. सगळं सांगितलं. डाग, चिंध्या, मी जोडवी काढायला सांगितलं ते, आई काय म्हणाली ते. विषमज्वराचं सांगितलं तेव्हा बाबांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "बाबा, रिंग बंद करू नका हो. चूक माझी आहे. माप मी काढलं."

"दुकानात मी पण होतो," बाबा म्हणाले.

ते आत गेले. दाढीची जुनी पाती ते पेन्सिलींसाठी जपून ठेवत, त्यातलं एक घेऊन आले. माझे बाबा पार्सलाची दोरीसुद्धा कापत नसत, नखानं गाठ सोडून गुंडी करून ठेवत. त्यांनी नवाकोरा बूट मांडीवर घेतला, हरभरे काढले, आत दोन बोटं घालून डाग कुठं आहे ते चाचपलं, आणि वरच्या कापडाला पातं लावलं. रुपयाएवढं भोक पाडलं. मग दुसऱ्याला. मग सुईदोरा मागून कडा दुमडून टाके घातले, वेडेवाकडे, पण घट्ट.

आई केस पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली.

"घालून बघ," बाबा म्हणाले.

तिनं चिंध्या सोडल्या, पाय घातला. भोकातून जोडवं वर आलं. तिनं बोट हलवलं. मग बाबा म्हणाले, "आयोडीन लावून जा. आणि ते आधीचं लागलं, ते मी धरणार नाही. आज लागलं तर मात्र धरीन."

मैदानावर बायका हसल्या. हसणारच होत्या. नऊवारी, पांढरे बूट, आणि बुटांतून डोकावणारी जोडवी. आई एक सामना जिंकली, दुसरा जिंकली, आणि शेवटच्या सामन्याला उतरली. समोर एका अधिकाऱ्याची बायको होती, आईपेक्षा दहा वर्षांनी लहान. मी दोन्ही हातांच्या मुठी तोंडात घालून बसले होते. आई पळायची, थांबायची, रिंग कानाजवळून झेलायची. मुरुम उडत होता. एकदा ती जोरात घसरली आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती उभी होती. बाबा माझ्या शेजारी पुढे वाकून बसले होते, पापणीसुद्धा हलत नव्हती.

आई हरली. दोन गुणांनी. टाळ्या झाल्या, बायका जाळीपाशी गेल्या, तरी बाबा तसेच बसलेले. आई धापा टाकत आमच्याकडे आली तेव्हा ते तिच्या पायांकडे बघत म्हणाले, "धड आहेत दोन्ही." मग वर पाहून विचारलं, "कोण जिंकलं?"

सबंध सामनाभर त्यांनी रिंग पाहिलीच नव्हती.

आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "ती जिंकली हो! पुढच्या वर्षी बघते तिला."

मी बाबांकडे पाहिलं. ते टोपी झटकत उठले.

घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तो मापाचा कागद आहे का गं?" म्हाताऱ्यानं कापून दिलेलं ते पाऊल मी वहीत ठेवलं होतं. ते काढून दिलं. बाबांनी ते टेबलावर सपाट केलं, ऑफिसातली लाल-निळी पेन्सिल घेतली, आणि अंगठ्याशेजारच्या बोटावर एक जाड निळं वळं काढलं. आई चहा ठेवायला आत गेली होती. तिच्या पायाकडे न बघता त्यांनी ते बरोबर जागेवर काढलं, त्यावरची बारीक जाळीची नक्षीसुद्धा.

"जपून ठेव," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी नवीन लागतील."