टॉवेलाखालचं बोलणं

बिरू गेला त्याला पंधरवडा झाला असेल, आणि माझ्या फोनवर मेसेज आला. 'आपले रुग्ण ठरलेल्या सत्राला आले नाहीत. सत्र चुकवणे म्हणजे उपचारांपासून पळणे.' बिरू समुपदेशनाला जायचा, तिथं नातेवाईक म्हणून माझा नंबर दिलेला होता. हळदीच्या पोत्यावर बसून मी तो पुन्हा पुन्हा वाचला. तोंडात आलेली शिवी, दुकानात उदबत्ती जळत होती म्हणून गिळली. मेलेला माणूससुद्धा यांच्या लेखी पळालेलाच!

बिरू मूळचा माण तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरातला. सांगलीच्या बाजारात आम्ही दोघं बरोबरच सौदे शिकलो, शेजारीशेजारी दुकानं टाकली. तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरायचा, बोटं दाबून सांगायचं. आणि टॉवेलाखाली झालेल्या बोलण्यावर कुणी शंका घेत नसे.

त्याला बायपोलर आजार आहे हे कळलं तेव्हा आम्ही चाळिशी ओलांडली होती. मन चढलं की गडी आवरायचा नाही. एकदा शिरवळला हायवेवर हॉटेल काढायचं म्हणून जागा बघून, आचारी ठरवून, अख्ख्या बाजाराला जेवायचं आमंत्रण देऊन मोकळा झाला. उतरलं की शटर अर्धं ओढून आत बसायचा, समोरचा चहा गार. विचारलं तर, "बरं हाय." मग एक दिवस मीच खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर टाकला. म्हटलं, "आता सांग. एक बोट म्हणजे पार तळाला, पाच म्हणजे सुसाट." त्यानं एकच बोट दाबलं आणि... ढसाढसा रडला. तेव्हापासून आमचं हेच. पाच दाबली की मी त्याच्या गाडीची किल्ली काढून घ्यायचो आणि वर त्याच्याच शिव्या खायचो.

सांगलीत कुणी बघेल म्हणून औषधाचे डॉक्टर आणि समुपदेशन करणाऱ्या मॅडम, दोघंही साताऱ्याला. गोळ्यांनी फरक पडत होता, ते डॉक्टर भले. पण मॅडम! "तुम्हाला बरं व्हायचंच नाही," हे दर वेळी. त्या खोलीतून निघाला की स्टँडपर्यंत याची मान खाली. दुसरीकडं जाऊ म्हटलं तर म्हणायचा, "नको रं. परत सगळं पयल्यापासनं कुणाला सांगू?" आपण खोटं बोलत नाही, एवढं एकदा त्या बाईंनी मान्य करावं, यासाठी त्याचा जीव तुटायचा.

शेवटच्या दिवशी सकाळीच, छातीत दाबल्यासारखं होतंय म्हणाला. मी म्हटलं, आधी इथल्या डॉक्टरकडं चल. त्यानं मॅडमना फोन लावला, आज यायला जमत नाही म्हणून. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "हे तुमच्या मनाचे खेळ आहेत. कारणं सांगायची सवयच लागलीय तुम्हाला." फोन ठेवून म्हणाला, "चल गड्या साताऱ्याला. न्हाईतर बाई परत पळपुटा म्हणंल." मी भांडलो, हाताला धरून ओढलं. ऐकेल तर शपथ!

मॅडमसमोर बसल्यावर त्यानं टॉवेल मागितला. खाली माझा हात धरला आणि एक नाही, पाच नाही, माझा सगळा पंजाच मुठीत आवळला. अशी खूण आमच्यात ठरलीच नव्हती. मी म्हणालो, "मॅडम, याच्या छातीत खरंच दुखतंय." त्या म्हणाल्या, "तुम्हीच लाडावून ठेवलंय. आधी तो हात सोडा." मी सोडला नाही. तसाच त्याला उठवला, रिक्षात घातला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून दुखत होतं, मग इतका वेळ होता कुठं?" काय सांगणार... उपचार घेत होतो म्हणून? तासाभरात बिरू गेला.

माणला माती दिली तेव्हा लोक कुजबुजत होते, डोक्यानं गेला म्हणून. अहो, हृदयानं गेला तो! पण सांगणार कुणाकुणाला?

तो टॉवेल दुकानात खुंटीवर आहे, हळदीनं पिवळा पडलेला. परवा एका अडत्यानं हात पुसायला ओढला. मी असा खेकसलो की तो दचकलाच.

"आवं, साधा टॉवेल तर हाय."

साधाच आहे. पण बिरूचं म्हणणं तेवढ्याखालीच खरं मानलं जायचं.