दांडीची गिटार

आमच्या दैनिकाच्या शनिवारच्या पानावर एक चौकट असायची. बाजारात नवीन आलेली एखादी वस्तू महिनाभर वापरायची आणि ती घेण्यासारखी आहे का, ते लिहायचं. मिक्सर, मोबाइल, फवारणी पंप, इस्त्री. बरीच वर्षं ती चौकट मी लिहिली. ती लिहिताना एक सवय लागली. वस्तू चांगली की वाईट हे नंतर बघायचं, आधी ती कुणाला आणि कशासाठी हवी आहे ते विचारायचं.

नोकरी संपवून मी नंदुरबारला परत आलो, तरी ओळखीचे लोक अधूनमधून या कामासाठी फोन करतात. मागच्या उन्हाळ्यात नवापूरकडच्या गुरुजींचा फोन आला. ते शाळामास्तर होते आणि तालुक्याच्या बातम्या आमच्या डेस्कला पाठवत. घरात त्यांची बोली मावची. माझ्याशी ते बाजारची अहिराणी बोलत आणि बातमी मात्र शाळेच्या मराठीत लिहीत.

"भाऊ, पोरनी गिटार मांगाडेल शे. करंटवाली. जरा देखी जा."

"ती स्वतः वाजवते ना? मग मी कशाला?"

"ती तिन्या प्रेममा शे. तुम्ही परका मानूस. खरं सांगशात."

कॉलेजात असताना आणि नंतर शहरात मी काही वर्षं गिटार वाजवली होती. ते गुरुजींना माहीत होतं. मी सकाळच्या पॅसेंजरने नवापूरला गेलो.

गुरुजींची मुलगी कोंबड्यांच्या हॅचरीत काम करते. एका दिवसाची पिल्लं निवडायची, खोक्यांत भरायची, गाडीत चढवायची. वसतिगृहात शिकत असताना ती रविवारच्या प्रार्थनेत गिटार वाजवायला लागली आणि मग तो नाद सुटला नाही. तिच्या मामाची बँड पार्टी आहे. एका मालवाहू गाडीवर स्पीकर रचलेले, मध्ये कीबोर्ड, ठेक्याचं पॅड, दोन गिटारी आणि गाणारे. उन्हाळ्यातल्या लग्नांत ही गाडी गावोगाव फिरते आणि तिच्यासमोर लोक हातात हात घालून गोल धरून नाचतात. पार्टीचा लीड गिटारवाला सुरतेच्या मिलमध्ये कायमचा गेला होता. त्याची जागा मुलीला हवी होती.

मामाचा नियम सोपा होता. वाद्य ज्याचं त्याने आणायचं. परीक्षा घरी होत नाही, भावकीतल्या एखाद्या हळदीला गाडीवर होते. गोल तुटला नाही तर जागा मिळाली. सोनगडचा एक मुलगा मामाने बघून ठेवला होता. भाचीचं जमलं नाही तर तो येणार होता. हळद त्याच दिवशी दुपारनंतर होती.

खोकं ओट्यावर उघडलं. गिटार गडद हिरव्या रंगाची होती. साध्या स्मार्टफोनच्या किमतीत ती एका ऑनलाइन दुकानातून आली होती, आणि तिच्या वर्णनात ज्या गोष्टी होत्या त्या पूर्वी फक्त महागड्या गिटारींवर मिळत. मी नेहमीच्या क्रमाने पाहत गेलो. मान डोळ्यासमोर धरून बघितली, सरळ होती. मानेवरच्या आडव्या पट्ट्यांच्या कडांवरून बोट फिरवलं, कुठे टोचलं नाही. पट्ट्या स्टीलच्या होत्या, लवकर झिजणार नव्हत्या. गुरुजींच्या जुन्या अँप्लिफायरला जोडून आवाज ऐकला. जाड आवाज भरीव होता. बटण ओढलं की तोच पिकअप, म्हणजे तारांखाली आवाज टिपणारा भाग, पातळ, स्वच्छ आवाज देई, तोही खरा होता. थोडी गुणगुण होती. जाड तार एका ठिकाणी घरघरत होती, ती खोक्यात आलेल्या एलन कीने, म्हणजे सहा कोनांच्या लहान किल्लीने, नीट केली. लाकूड साधं होतं. खुंट्या मध्यम होत्या.

मग ब्रिज पाहिला. तारा खाली ज्यावर बसतात तो भाग लाकडात पक्का नव्हता, दोन खिळ्यांवर टेकून तरंगत होता. त्याला एक लोखंडी दांडी होती. दांडी दाबली की सगळे सूर एकदम खाली घसरत, ओढली की वर चढत. मागचं झाकण काढून मी तिला आतल्या स्प्रिंगा दाखवल्या. एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने स्प्रिंगा, आणि या ओढाओढीत ब्रिज मध्ये उभा राहतो. तारा वर मानेपाशीही लहान चिमट्यांत आवळलेल्या होत्या, म्हणजे दांडी कितीही हलवली तरी सूर जागेवर येतो.

"हा ब्रिज का घेतलास?" मी विचारलं. "याच किमतीत साध्या ब्रिजची मिळते. लाकूड याहून बरं मिळतं."

"दांडी पाहिजे काका." तिला यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. "कीबोर्डवालाकडे चाक ऱ्हास. चाक फिरावं की सूर वाकस, पावरीगत. गिटारले दांडी नही ऱ्हायनी ते वाकाडू कशी?"

पावरी हे इकडचं फुंकून वाजवायचं वाद्य. "बोटाने तार ओढून," मी म्हणालो.

"तितलं वाकत नही."

"मामा बी हाईच म्हने," गुरुजी मध्येच म्हणाले. "बिगर दांडीनी गिटार म्हंजे बिगर सोंडना हत्ती."

मुलगी हसली. "मामाले गिटारमा दांडीच समजस. बाकी काही नही."

त्या भागातल्या दुसऱ्या गाड्यांवरचे गिटारवालेही असंच मानतात हे मला नंतर कळलं. वाद्य बघायला घेतलं की आधी दांडी आहे का ते पाहतात. या गिटारीच्या किमतीतला बराच भाग त्या ब्रिजमध्ये गेला होता.

मी तिला एवढंच सांगितलं की हा ब्रिज एका सुरात राहणाऱ्यासाठी चांगला आहे. सूर बदलायचा झाला तर वेळ खातो, कारण एक तार सैल केली की ओढाओढ बदलते आणि बाकीच्या तारा आपोआप चढतात.

"कीबोर्डना सूर एकच ऱ्हास," ती म्हणाली. "एकदा लावा की झायं."

"मंग कितला मार्क?" गुरुजींनी विचारलं. चौकटीच्या शेवटी मी गुण देत असे, ते त्यांना आठवत होतं.

मी म्हणालो, हळदीनंतर सांगतो. वापरल्याशिवाय मी कधी गुण दिले नव्हते.

हळदीचं घर चिंचपाड्याच्या पुढे होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी मांडवाच्या तोंडाशी लागलेली होती आणि मामा जनरेटरवाल्याशी बोलत होते. मोठ्या बांध्याचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी भाचीकडे पाहिलं, गिटारीकडे पाहिलं, दांडीला बोट लावलं आणि मान हलवली. ती गाडीवर चढली. कीबोर्डवाल्याने सूर दिला, तिने मिळवून घेतला. सगळं ठीक होतं.

या भावकीत हळदीची पहिली फेरी बँडची नसते. पावरीवाला म्हातारा आधी मांडवात वाजवतो, बाया देवाचं गाणं म्हणतात, नवऱ्या मुलाला हळद लागते. पावरीचा सूर न थांबता बाहेर येतो आणि बँड त्याच सुरात, मध्ये खंड न पडू देता, त्याच्यात मिसळतो. मग गोल सुरू होतो. सूर मध्येच तुटला तर घरातल्या बायकांना ते चालत नाही.

पावरी म्हणजे भोपळा आणि पुढे लांब शिंग. तिला पिळायला खुंट्या नाहीत. बनवणाऱ्याच्या हातून जो सूर निघाला तो कायमचा. त्या म्हाताऱ्याची पावरी कीबोर्डच्या नेहमीच्या सुरापेक्षा थोडी खाली होती, पुरता एक स्वरही नाही, मधलंच कुठेतरी. कीबोर्डवाल्याला हे ठाऊक होतं. त्याने एक बटण धरून सूर उतरवला. दुसऱ्या गिटारवाल्याची गिटार साध्या ब्रिजची होती, त्याने खुंट्या थोड्या ढिल्या केल्या. जुन्या लीडवाल्याची दांडी तरंगत्या ब्रिजची नसणार आणि तोही हेच करत असणार, म्हणून मामांनी कधी त्याचा विचार केला नव्हता. मुलीला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. रविवारच्या प्रार्थनेत पावरी नसते.

तिने ब्रिजवरच्या बारीक स्क्रूने पहिली तार उतरवली. दुसरी चढली. दुसरी उतरवली तर तिसरी चढली. पुन्हा पहिलीकडे आली तोवर स्क्रू फिरायची जागा संपली, आणि तारा मानेपाशी आवळलेल्या असल्यामुळे खुंट्या पिळून उपयोग नव्हता. मांडवातून पावरी जवळ येत होती.

"काय व्हयनं?" मामांनी खालून विचारलं.

"मिळत नही."

"मंघाशी ते मिळेल व्हती."

"मंघाशी पावरी नव्हती."

कीबोर्डवाला वाकून म्हणाला, "भारी गाडी लई उनी बहीन, पन गियर अटकी गया."

पॅडवाला हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी हाताने खूण केली. "ऱ्हाऊ दे. तू आज बठ. बाकीना वाजाडतीन."

पावरी बाहेर आली, बँड मिसळला, गोल धरला गेला. मुलगी स्पीकरच्या खोक्यावर बसली. गुरुजी माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला.

ती फार वेळ बसली नाही. गिटार मांडीवर पालथी घेतली आणि कीबोर्डवाल्याकडे हात पुढे केला. त्याने एका हाताने वाजवत दुसऱ्या हाताने खिशातला पेचकस काढून दिला. मागचं झाकण निघालं. तिने वर मान केली, वडिलांना शोधलं आणि ओरडून म्हणाली, "बाबा, बांबूनी चिपाट. दोन. चपटी."

मांडवासाठी तोडलेल्या बांबूचे तुकडे गाडीच्या मागेच पडले होते. गुरुजी धावले. ते चपट्या फाका म्हणून जे घेऊन आले ते अंगठ्याएवढं जाड होतं. ती परत ओरडली. माझ्याजवळ चाकू होता. आम्ही दोघांनी बसून तासलं आणि वर दिलं. तिने एक चिपाट ब्रिजच्या लोखंडाच्या एका बाजूला आणि दुसरी दुसऱ्या बाजूला दाबून बसवली, पेचकसाच्या मुठीने ठोकली. ब्रिज हलायचा थांबला. मग मानेपाशी तारा आवळणारे चिमटे एलन कीने सोडले, दांडी पिळून काढून खिशात घातली आणि कान पावरीकडे करून एकेक तार खुंटीवर उतरवायला लागली. आता एक तार उतरली तरी बाकीच्या जागेवर राहत होत्या.

ती केव्हा वाजवायला लागली ते मला नेमकं सांगता येणार नाही. गाण्याच्या एका वळणावर आवाज भरल्यासारखा वाटला आणि पाहिलं तर तिची बोटं चालत होती. पातळ आवाजाचं बटण ओढलेलं होतं. दांडी नसल्यामुळे ती तार बोटाने ओढून सूर वाकवत होती. पावरीइतका तो वाकत नव्हता, हे तिने सकाळी बरोबरच सांगितलं होतं. थोडा वाकत होता आणि तिथून परत येत होता. गोलातल्या कुणी मान वळवून पाहिलं नाही. बायांची पावलं पुढे दोन, मागे एक, तशीच चालू होती.

पहिली फेरी संपल्यावर चहा आला. मामा गाडीवर चढले, भाचीच्या हातातून गिटार घेतली आणि उलटी केली. झाकण लावलेलं नव्हतं. आतल्या बांबूला त्यांनी बोट लावून पाहिलं.

"दांडी कथी शे?"

"खिसामा."

"म्हंजे दांडीना पैसा पानीमा."

"हा मामा."

"आनि आवाज?"

"आवाज ते शेच ना. आवाज दांडीमा नव्हता."

गुरुजींनी खालून मला कोपर मारलं. "आते सांगा भाऊ. कितला?"

मी त्यांना सांगितलं ते असं. जाहिरातीत जी गोष्ट सगळ्यात वर लिहिलेली आहे ती या कामासाठी निरुपयोगी आहे. ती बंद केल्यावर जे उरतं, म्हणजे सरळ मान, स्टीलच्या पट्ट्या, दोन तऱ्हांचे आवाज, ते त्या किमतीला स्वस्त आहे. पुन्हा घ्यायची झाली तर मी साध्या ब्रिजची घ्यायला सांगेन. ही परत करायला सांगणार नाही.

"परत कोन करी ऱ्हायनं," मुलगी वरून म्हणाली.

मामांनी गिटार तिच्याकडे दिली. तेवढ्यात पावरीवाल्या म्हाताऱ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि झोळीतून दुसरी पावरी काढली. दुसऱ्या फेरीला तो ती वाजवतो. ती पहिलीपेक्षा आखूड होती आणि तिचा सूर वर होता.

कीबोर्डवाल्याने मुलीकडे पाहिलं. या वेळी तो फक्त बटण धरून थांबला. म्हाताऱ्याने एक लांब सूर धरला. मुलगी खाली वाकली, कान त्या सुरावर ठेवून एकामागून एक खुंट्या पिळत गेली, शेवटची तार दोनदा तपासली आणि सरळ झाली.

"चाला," ती म्हणाली.

गोल पुन्हा धरला गेला. गाणं मध्यावर असताना मामा गाडीवरून उतरले, जनरेटरच्या पलीकडे जरा शांत जागी गेले आणि मोबाइल कानाला लावला. मी जवळच होतो. पलीकडे सोनगडचा मुलगा होता.

"तू आते नको येऊ," मामा म्हणाले. "मानूस भेटी गया." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मामांनी गाडीकडे पाहिलं. "नही रे, घरनाच शे. मन्ही भाची."